घराण्याच्या वहींतील गाळलेलें पान

गोदावरीच्या कांठीं रामकुंडावर दूरदूरचे यात्रेकरू येतात. पितरांचें श्राद्ध झालें कीं तीर्थोपाध्याय आपली जुनी वही उघडतात, आणि आडनांव व मूळ गांव सांगतांच त्या घराण्यांतील कोणता पुरुष पूर्वीं येथें येऊन गेला, त्याचे भाऊ किती, मुलगे किती, हें वाचून दाखवितात. पणजोबांची मोडी सही पाहून मुंबईचा शिकलेला गृहस्थहि क्षणभर गहिंवरतो. या नामावळ्या म्हणजे नाशिकचें एक मोठें धन आहे. परंतु तो पुरुष कशानें गेला, हें त्या वह्यांवरून बहुधा कळत नाहीं. वहीचा तो हेतूच नव्हे. तेव्हां वहीला दोष देण्याचें कारण नाहीं. दोष आहे तो घराचा. गोत्र, प्रवर, कुलदैवत या गोष्टी ज्या घरांत लहान मुलालाहि पाठ असतात, त्याच घरांत आजोबा कोणत्या विकारानें वारले असें विचारलें तर 'पोटाचें कांहीं तरी होतें' यापलीकडे उत्तर मिळत नाहीं.

या अज्ञानाची किंमत कशी पडते तें मोठ्या आंतड्याच्या कर्करोगावरून जितकें स्पष्ट दिसतें, तितकें क्वचितच दुसऱ्या रोगावरून दिसेल. आजच्या भाषणाचा विषय तोच आहे: हा रोग, आणि ज्याला कसलेंहि दुखणें जाणवत नाहीं अशा माणसानें त्यासाठीं करून घ्यावयाची कोलोनोस्कोपी नांवाची तपासणी. विषय जेवणघरांत बोलण्यासारखा नाहीं, असें कांहीं श्रोत्यांस वाटण्याचा संभव आहे. तो संकोच स्वाभाविक आहे. पण या रोगाचा सर्वांत विश्वासू साथीदारहि तोच आहे.

मोठें आंतडें सुमारें पांच फूट लांब असतें. लहान आंतड्यांतून आलेल्या अन्नशेषांतील पाणी शोषून घेणें आणि मळ बाहेर टाकण्यास सिद्ध करणें हें त्याचें काम. त्याच्या आंतील अस्तराच्या पेशी थोड्या थोड्या दिवसांनीं झडतात व त्यांच्या जागीं नव्या येतात. हा व्यवहार जन्मभर अव्याहत चालतो. या अखंड देवघेवींत कधीं एखाद्या जागीं हिशेब चुकतो, पेशी प्रमाणाबाहेर वाढतात, आणि अस्तरावर एक लहानसा मांसांकुर उगवतो. डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात. प्रथम तो मसुराच्या दाण्याएवढा, पुढें वाटाण्याएवढा, क्वचित् द्राक्षाएवढा होतो. आणि द्राक्षाचें माप नाशिककरांस समजावून सांगावयास नको. कांहीं पॉलिप देठावर लोंबतात, कांहीं अस्तराला चिकटून पसरतात. मूळव्याधीच्या मोडांशीं यांचा कांहीं संबंध नाहीं. मोड हे गुदद्वाराजवळच्या फुगलेल्या रक्तवाहिन्यांचे असतात आणि त्यांचा कर्करोग होत नाहीं. हा भेद ध्यानांत ठेवलेला बरा, कारण त्याचें काम पुढें पडणार आहे.

बहुतेक पॉलिप जन्मभर निरुपद्रवी राहतात. थोड्यांचें मात्र कर्करोगांत रूपांतर होतें, आणि त्याला सामान्यतः दहा वर्षें किंवा त्याहून अधिक काळ लागतो. या सर्व काळांत तो मनुष्य जेवतो, झोंपतो, गंगापूर रस्त्यावर सकाळीं फिरावयास जातो आणि आपली प्रकृति ठणठणीत आहे असें मानतो. तें मानणें खोटेंहि नसतें. दहा वर्षांची ही मुदत म्हणजे निसर्गानें दिलेली सवलत होय. या मुदतींत पॉलिप शोधून कापून टाकला, तर त्या जागीं होणारा कर्करोग होतच नाहीं. येथेंच ही तपासणी इतर अनेक तपासण्यांहून वेगळी ठरते. छातीच्या क्ष-किरण चित्रानें झालेला रोग दिसतो. कोलोनोस्कोपीनें न झालेल्या रोगाचें बीज दिसतें, आणि त्याच बैठकींत तें उपटतांहि येतें.

हें साधन साधण्यास एका भारतीयाची बुद्धि कारणी लागली आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाहीं. पंजाबांतील मोगा येथें जन्मलेले नरिंदरसिंग कपानी हे लंडनमध्यें शिकत असतां त्यांनीं आणि त्यांचे गुरु हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनीं, कांचेच्या केसासारख्या तंतूंचा जुडगा वांकविला तरी त्यांतून चित्र एका टोकाकडून दुसऱ्या टोकास जातें, हें १९५४ सालीं प्रसिद्ध केलें. प्रकाश सरळ रेषेंत जातो हें शाळेंत शिकलेल्यांस यांत चमत्कार वाटेल. पण तंतूच्या आंतल्या भिंतीवर पुनःपुन्हां परावर्तन पावत तो वळणाबरोबर वळत जातो. १९५७ सालीं बेसिल हर्शोविट्झ या डॉक्टरानें अशा तंतूंची नळी प्रथम स्वतःच्याच घशांतून उतरविली. पुढें १९६९ सालीं न्यूयॉर्क येथें विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या या दोघा शल्यवैद्यांनीं मोठ्या आंतड्यांत तशीच नळी नेऊन, तारेचा फांस टाकून, पोट न फाडतां पॉलिप कापून काढला. तोंवर या कामाला पोटाची मोठी शस्त्रक्रिया लागत असे. आतां कांचतंतूंऐवजीं नळीच्या टोकाशीं अगदीं लहान कॅमेरा असतो, एवढाच फरक.

तपासणीची लोकांना वाटणारी भीति बहुधा नळीची असते. खरा कंटाळा असतो तो पूर्वतयारीचा. आंतडें आरशासारखें स्वच्छ नसेल तर वाटाण्याएवढा पॉलिप मळाखालीं झांकला जातो आणि सारा खटाटोप फुकट जातो. म्हणून दोन-तीन दिवस अगोदर बिया असलेलीं फळें, पालेभाज्या आणि मोड आलेलीं कडधान्यें बंद करावीं लागतात. सोमवारची वेळ मिळालेल्या नाशिककराला रविवारच्या मिसळीवर पाणी सोडावें लागेल, हा त्याग लहान नव्हे. आदल्या दिवशीं केवळ नितळ पेयें: नारळपाणी, कोरा चहा, लिंबाचें गाळलेलें सरबत. कोकमाचें सरबत आणि काळ्या द्राक्षांचा रस मात्र टाळावा, कारण त्यांचा तांबडा रंग आंतड्यांत रक्तासारखा भासतो. मग रेचक औषधाचें पाणी प्यावयाचें; अर्धें संध्याकाळीं व अर्धें दुसऱ्या दिवशीं पहांटे. तें पाणी चविष्ट नसतें आणि मोरीच्या फेऱ्या मोजण्यापलीकडे जातात. मधुमेहाचीं औषधें, रक्त पातळ ठेवणारीं औषधें आणि लोहाच्या गोळ्या यांविषयीं डॉक्टरांस आठवडाभर आधींच विचारावें. स्वतःच्या मतानें त्या बंद करूं नयेत.

प्रत्यक्ष तपासणी अर्ध्या तासाच्या आसपास आटोपते. गुंगीचें औषध दिलेलें असतें, अंगावर चादर असते, रुग्ण डाव्या कुशीवर निजलेला असतो. बहुतेकांना नंतर कांहीं आठवतहि नाहीं. त्याच दिवशीं घरीं जातां येतें. गाडी मात्र दुसऱ्यानें चालवावी. जाणत्या रुग्णानें नंतर दोन गोष्टी विचाराव्या: नळी मोठ्या आंतड्याच्या आरंभापर्यंत, म्हणजे उजव्या बाजूच्या टोकापर्यंत पोंचली काय, आणि परत येतांना अस्तर पाहण्यास किती वेळ दिला. परतीच्या वाटेंतच खरें निरीक्षण होतें आणि त्याला किमान सहा ते आठ मिनिटें द्यावीं असा संकेत आहे. या प्रश्नांनीं चांगल्या डॉक्टराला राग येत नाहीं. ज्या शहरांत १९९८ पासून महाराष्ट्राच्या आरोग्यविज्ञान विद्यापीठाचें ठाणें आहे, तेथें असे डॉक्टर आहेत; यासाठीं मुंबईची गाडी पकडण्याचें आतां कारण उरलेलें नाहीं.

धोका अजिबात नाहीं असें मात्र कोणीं म्हणूं नये. अमेरिकेंतील तज्ज्ञमंडळानें २०२१ सालीं एकत्र केलेल्या माहितीप्रमाणें अशा दहा हजार तपासण्यांमागें सुमारें तिघांच्या आंतड्याला छिद्र पडतें आणि सुमारें पंधरा जणांस मोठा रक्तस्राव होतो. आजाऱ्याच्या बाबतींत हा धोका कोणीहि सहज पत्करील. परंतु ज्याला कांहींच झालेलें नाहीं त्याला तो पत्करावयास सांगावयाचें, तर तसें सांगण्यास सबळ कारण पाहिजे.

मग ही तपासणी सर्वांनींच करावी काय? अमेरिकेंत पंचेचाळीसपासून पंचाहत्तर वर्षांपर्यंतच्या सर्वांस आंतड्याची कोणती तरी तपासणी करून घेण्याचा सल्ला दिला जातो. १९९३ सालीं तेथील एका प्रसिद्ध संशोधनांत, पॉलिप काढून टाकलेल्या १४१८ लोकांमध्यें हा कर्करोग अपेक्षेपेक्षां शेंकडा ७६ ते ९० इतका कमी झाल्याचें आढळलें. हे आंकडे वाचून पुष्कळांनीं हर्ष मानला. पुढें पोलंड, नॉर्वे व स्वीडन या देशांत चौऱ्याऐंशी हजारांवर सामान्य लोकांचे चिठ्ठ्या टाकून दोन भाग केले. एका भागास कोलोनोस्कोपीचें आमंत्रण दिलें, दुसऱ्यास दिलें नाहीं. दहा वर्षांनंतरचा निकाल २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. बोलाविलेल्यांत हा रोग शंभरांत ०.९८ जणांस झाला, न बोलाविलेल्यांत १.२० जणांस. मृत्यूंतील फरक तर इतका थोडा होता कीं त्यावरून निश्चित अनुमान काढतां येईना. मात्र बोलाविलेल्यांपैकीं शेंकडा ४२ लोकच तपासणीस आले होते, हें विसरून चालत नाहीं. आमंत्रणपत्रिका पोंचल्यानें कोणाचें पोट भरत नाहीं; जेवावयास यावें लागतें.

आपल्याकडे तर हा रोग मुळांतच कमी आहे. जगांत या रोगाचे वर्षाला एकोणीस लाखांहून अधिक नवे रुग्ण होतात. भारतांत २०२२ सालचा अंदाज सुमारें ७० हजारांचा आहे. वयोमानाचा फरक काढून टाकला असतां जगाची सरासरी लाखांत १८ च्या वर, तर आपली पांचाच्या आसपास. मुंबईंत १९६३ पासून कर्करोगाची नोंदणी चालू आहे आणि बार्शीसारख्या ग्रामीण भागांत १९८७ पासून. म्हणजे ही केवळ ऐकीव गोष्ट नव्हे. याच बार्शीच्या कर्करोग रुग्णालयानें व मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयानें मिळून उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव जिल्ह्यांत एक लाख एकतीस हजारांवर निरोगी स्त्रियांना घेऊन गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा प्रयोग केला. त्याचा निकाल २००९ सालीं सर्व जगानें वाचला. विषाणूची एकच तपासणी जन्मांत एकदां मिळालेल्या सुमारें चौतीस हजार स्त्रियांत या रोगानें ३४ मृत्यु झाले. ती न मिळालेल्या साडेएकतीस हजारांत ६४. निरोगी माणसाची तपासणी केव्हां सार्थकीं लागते याचा धडा आपल्याच मराठवाड्यानें असा घालून दिला आहे: रोग वारंवार होणारा हवा, तपासणी सोपी व स्वस्त हवी. म्हणूनच सरकारनें २०१६ सालीं आंखलेल्या तपासणींत तोंड, स्तन व गर्भाशयमुख या तीन कर्करोगांचा समावेश आहे; आंतड्याचा नाहीं.

तेव्हां 'संपूर्ण शरीरतपासणी'ची जाहिरात वाचून चाळिशींतल्या प्रत्येक निरोगी गृहस्थानें कोलोनोस्कोपीकडे धांव घेण्याचें प्रयोजन नाहीं. पन्नाशीच्या सुमारास ज्याला आपल्याविषयीं खात्री करून घ्यावयाची असेल, त्यानें मळांतील अदृश्य रक्ताची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्यानें वर्षा-दोन वर्षांनीं करावी. ती घरच्या घरीं नमुना घेऊन होते, आणि तींत रक्त आढळलें तरच नळी घालावी. येथवर सारें सरळ आहे. परंतु सरासरीचा हा दिलासा सर्वांसाठीं नाहीं. सरासरी ही गांवाची असते. धोका घराण्याचा असतो.

ज्याच्या आईला, वडिलांना, भावाला, बहिणीला किंवा मुलाला हा रोग झाला आहे, त्याचा स्वतःचा धोका इतरांच्या सुमारें दुप्पट असतो. नातलगाला पन्नाशीच्या आंत झाला असेल तर त्याहूनहि अधिक. अशांसाठीं नियम निराळा आहे: वयाच्या चाळिसाव्या वर्षीं, अथवा घरांतील सर्वांत तरुण रुग्णाला ज्या वयांत रोग निघाला त्याच्या दहा वर्षें आधीं, यांतील जें अगोदर येईल त्या वेळीं कोलोनोस्कोपी करावी. येथें मळाच्या तपासणीवर विसंबून राहूं नये, कारण सगळेच पॉलिप रक्त सांडीत नाहींत. आपल्याकडे हा नियम अधिकच लागू पडतो. टाटा स्मारक रुग्णालयांतील ८०० रुग्णांची जी पाहणी २०१७ च्या सुमारास प्रसिद्ध झाली, तींत त्यांचें सरासरी वय सत्तेचाळिसाच्या आसपास भरलें. आपल्या देशाची लोकसंख्याच तरुण आहे हें त्याचें एक कारण असेल. तरी सत्तेचाळीस हें कर्त्या माणसाचें वय आहे, मुलांच्या शिक्षणाचें व घराच्या हप्त्यांचें वय आहे.

घराण्याच्या वहीनें वैद्यकशास्त्राला किती शिकविलें आहे, याच्या दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. अमेरिकेंतील ॲन आर्बर गांवीं आल्ड्रेड वॉर्थिन नांवाचे एक डॉक्टर होते. त्यांच्याकडे शिवणकाम करणारी एक बाई १८९५ सालीं एकदां खिन्न दिसली. कारण विचारतां ती म्हणाली कीं, आमच्या घरांतलीं माणसें आंतड्याच्या नाहीं तर गर्भाशयाच्या कर्करोगानें जातात. मीहि तशीच लवकर जाणार. दुसऱ्या कोणीं हें बायकांचें बोलणें म्हणून सोडून दिलें असतें. वॉर्थिननें तें लिहून घेतलें, तिच्या घराण्याची वंशावळ मांडली आणि १९१३ सालीं प्रसिद्ध केली. ती बाई पुढें खरोखरच गर्भाशयाच्या कर्करोगानें वारली. हेन्री लिंच या डॉक्टरानें १९६६ पासून अशा घराण्यांचा पाठपुरावा केला. आज या आनुवंशिक विकाराला लिंचचेंच नांव आहे, आणि त्याला कारण असलेले जीन १९९३ पासून एकामागून एक सांपडले. शिवणकाम करणाऱ्या बाईचें नांव मात्र शास्त्रांत राहिलें नाहीं.

दुसरी गोष्ट लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयाची. कांहीं घराण्यांत कुमारवयापासूनच आंतड्यांत शेंकडों पॉलिप उगवतात आणि उपाय न केल्यास चाळिशीच्या सुमारास कर्करोग बहुधा चुकत नाहीं. अशा घराण्यांची नोंदवही त्या रुग्णालयानें १९२४ सालीं उघडली, आणि रोगी आला कीं त्याच्या भावाबहिणींना व मुलांना निरोप जाऊं लागला. तेव्हां जीन माहीत नव्हते, लवचिक नळी माहीत नव्हती. साधन म्हणून केवळ एक वही होती. रामकुंडावरील वही पाहिलेल्या माणसाला या गोष्टीचें महत्त्व विशेष समजावून द्यावें लागत नाहीं.

लिंच विकाराच्या घराण्यांत तपासणीचा लाभ किती स्पष्ट दिसतो पाहा. फिनलंडमध्यें पंधरा वर्षें दोन गटांवर लक्ष ठेवलें. दर तीन वर्षांनीं तपासलेल्या १३३ जणांत ८ जणांस हा रोग झाला आणि त्यानें कोणी दगावलें नाहीं. न तपासलेल्या ११९ जणांत १९ जणांस झाला आणि ९ दगावले. चौऱ्याऐंशी हजारांच्या प्रयोगांत जो फरक भिंगानें शोधावा लागला, तो येथें अडीचशें माणसांत उघड्या डोळ्यांनीं दिसतो. आतां अशा घराण्यांतील लोकांस वयाच्या विशीपंचविशीपासूनच वर्षा-दोन वर्षांनीं तपासणी सांगतात.

असें घराणें ओळखावें कसें? तज्ज्ञांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केलेला एक आडाखा तोंडीं ठेवण्यासारखा आहे: तीन, दोन, एक. तीन नातलगांना हा रोग, आणि त्यांपैकीं एक जण उरलेल्या दोघांचा सख्खा आप्त. सलग दोन पिढ्यांत. आणि निदान एकाला पन्नाशीच्या आंत. पुढें यांत गर्भाशयाच्या आंतील कर्करोगहि धरूं लागले. हा आडाखा पुरा जुळला नाहीं म्हणजे निश्चिंत व्हावें असें नाहीं. जुळला तर मात्र आनुवंशिक रोगांचा सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाकडे गेलेंच पाहिजे. टाटा स्मारक संस्थेंत त्यासाठीं स्वतंत्र विभाग आहे.

येथें आपल्या नामावळ्यांची एक उणीव आड येते. वंशावळ चालते ती पित्याकडून पुत्राकडे. मुलगी लग्न होऊन गेली कीं तिची संतति दुसऱ्या आडनांवाखालीं, दुसऱ्या वहींत जाते. रोगाला आडनांव समजत नाहीं. सदोष जीन आईकडून येण्याचा संभव बापाकडून येण्याइतकाच, आणि मुलीकडे जाण्याचा मुलाकडे जाण्याइतकाच. म्हणून आजोळची चौकशी केल्यावांचून ही वही पुरी होत नाहीं. मामा कशानें गेला, मावशीची 'पिशवी' कोणत्या कारणानें काढली, आईच्या वडिलांना अखेरीस मुंबईस कोणत्या रुग्णालयांत नेलें होतें, हे प्रश्न विचारावयास हवेत. आत्याबद्दलहि तेंच. सासरीं गेलेल्या मुलीला माहेरचें दुखणें कळविणें हें तिला दिवाळीची भाऊबीज पाठविण्याइतकें अगत्याचें आहे.

पण विचारणें सोपें नाहीं. जुन्या नाशिकच्या कोणत्याहि वाड्यांत घडावा असा एक प्रसंग कल्पनेनें डोळ्यांसमोर आणा. थोरला भाऊ सत्तेचाळिसाव्या वर्षीं वारला आहे. शेचाळिसाव्या वर्षीं रोग निघाला होता. सर्वांना सांगितलें तें 'कावीळ झाली'. धाकटा आतां चव्वेचाळिसांत आहे. तो एका दुपारीं भीतभीतच विषय काढतो: "वहिनी, दादाचे ते कागद आहेत का हो तुमच्याजवळ?" वहिनी वळून पाहतहि नाहींत. "काढूं नका हो भाऊजी तें आतां. पोरीचें अजून व्हायचंय."

या एका वाक्यांत सारी अडचण आहे, आणि तिला हंसण्याचा अधिकार कोणालाच नाहीं. मुलीचें लग्न अडेल ही त्या माउलीची भीति खोटी नाहीं, असें घडतें. परंतु कागद कपाटांत राहिले तर तोटा होतो तो प्रथम त्या मुलीचाच. धाकट्या दिराची तपासणी खरें पाहतां छत्तिसाव्या वर्षीं व्हावयास हवी होती. तो आठ वर्षें मागें पडला आहे. मुलगी चोवीस वर्षांची असेल तर तिच्या हातीं अजून बारा वर्षें आहेत, पण बाप कावीळीनेंच गेला असें ती समजत राहिली तर छत्तिसावें वर्ष येईल आणि जाईल. शिवाय शस्त्रक्रियेंत काढलेल्या गांठीचा तुकडा रुग्णालयें मेणाच्या वडींत घालून पुष्कळ वर्षें जपून ठेवतात. त्यावर आजहि परीक्षा करून रोग आनुवंशिक जातीचा असण्याचा संभव किती, याचा अंदाज काढतां येतो. तो आनुवंशिक नाहीं असें दिसलें तर मुलीच्या डोक्यावरचें ओझें बरेंच हलकें होईल. आहे असें ठरलें तर तपासणी छत्तिसापर्यंत न थांबतां आतांच सुरू करतां येईल. वहिनींना हें कोणी समजावून सांगितलेलें नसतें. रुग्णालयांतून शेवटचा कागद हातीं देतांना घरच्यांना एवढें सांगण्यास पांच मिनिटें पुरतात. तीं देण्याची पद्धत आपल्याकडे पडली पाहिजे.

आणखी एका गैरसमजाचा उल्लेख करणें अवश्य आहे. आतांपर्यंत सांगितलेलें सर्व, कसलेंहि लक्षण नसलेल्या माणसासाठीं आहे. ज्याच्या शौचावाटे रक्त पडतें, शौचाची संवय कारणावांचून बदलली आहे, वजन घटत आहे, किंवा उतारवयांत पुरुषाच्या अंगांतील रक्त कमी होऊं लागलें आहे, तो या वर्गांत येत नाहीं. त्यानें वय, घराणें आणि सरासरी यांचा हिशेब न करतां डॉक्टरांकडे जावें. आपल्याकडे रक्त दिसलें कीं प्रथम मूळव्याधीचें नांव घेतलें जातें. मग कोणी सुरणाची भाजी सांगतो, कोणी ताक सांगतो, कोणी भिंतीवरच्या जाहिरातींतल्या वैद्याचा पत्ता देतो, आणि सहा महिने निघून जातात. रक्त मूळव्याधीचें असेलहि, बहुधा असतेंच. पण मूळव्याध आहे म्हणून वर कांहीं नाहीं, असें ठरत नाहीं. लक्षण लपवून स्वतःस निरोगी म्हणवून घेणाऱ्याची गणती निरोग्यांत करतां येत नाहीं.

तपासणी झाल्यावर मिळणारा अहवाल बहुतेक घरांत विजेच्या बिलांबरोबर कोठें तरी खोंचला जातो. त्यांतील चार गोष्टी घरच्या वहींत उतरवून घ्याव्या: तारीख, नळी कोठवर पोंचली, पॉलिप किती व केवढे, आणि पुढील तपासणी केव्हां. घराण्यांत हा रोग नसेल आणि आंतडें स्वच्छ निघालें, तर पुढचीं दहा वर्षें पुन्हां जाण्याचें कारण नाहीं. एक-दोन लहान पॉलिप निघाले तर सात ते दहा वर्षांनीं. तीन-चार निघाले तर तीन ते पांच वर्षांनीं. एखादा एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा असेल तर तीन वर्षांनीं. आईवडिलांस किंवा भावाबहिणीस साठीच्या आंत हा रोग झाला असेल, तर आंतडें स्वच्छ निघालें तरी पांच वर्षांनीं पुन्हां. त्याखालीं ज्यांना ही बातमी कळवावयाची त्या भावाबहिणींचीं व मुलांचीं नांवें लिहावीं, सासरीं गेलेल्या मुलींचीं प्रथम.